ताटांवरची नावं

आमच्या घरातून सहसा काहीच बाहेर जात नसे. दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत, खताची पोती उसवून त्यांची ताडपत्री शिवली जाई, तेलाच्या डब्यात तुळस लागे आणि फुटक्या बादलीत कोंबडी अंड्यावर बसे. रिकामी बाटली दिसली की आईचा हात आपोआप पुढे होई. फवारणीच्या औषधाच्या बाटल्या तेवढ्या ती घरात येऊ देत नसे; त्या बाबांनी शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, खड्डा करून पुरायच्या, असा तिचा हुकूम होता. मी यवतमाळला नोकरीला लागले, लोहाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर खोली केली आणि पहिल्यांदाच एक चांगली धडधाकट बरणी केराच्या डब्यात टाकली, तेव्हा मला चोरी केल्यासारखं वाटलं होतं.

त्यामुळे गावात भंगार गोळा करून स्मशानशेड बांधायचं ठरलं आहे, आणि त्यात आई पुढे आहे, असं फोनवर कळलं तेव्हा मी हसले. आई आणि भंगार देणार? पण आईने कारण सांगितलं आणि माझं हसणं थांबलं.

या लिखाणात मी कुणाचंच नाव घालणार नाही. स्टीलवर घातलेल्या नावांचं काय होतं ते मी पाहिलं आहे, कागदाचा काय भरवसा.

आमचं गाव महागाव तालुक्यात, ढाणकीच्या अंगाला. स्मशान म्हणजे नाल्याकाठचा मोकळा तुकडा, वर छत नाही, खाली ओटा नाही. सरकारी शेड मंजूर झालेली होती म्हणे, पण जागेच्या भांडणात ती कुठं अडकली ते कुणालाच नीट सांगता येत नव्हतं. भंगाराचं ठरलं त्याच्या आदल्या वर्षी श्रावणात आमच्या शेजारचे काका गेले. पाऊस दोन दिवस थांबायचं नाव घेत नव्हता. पुरुषांनी चार बाजूंनी ताडपत्री धरली, डिझेल ओतलं, ट्रॅक्टरचा जुना टायर टाकला. काकू घरात भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि जो आत येईल त्याला विचारत होत्या, "झालं का?" दुसऱ्या दिवशी सकाळी पुरुष पुन्हा डिझेल घेऊन गेले. तिथं काय शिल्लक होतं ते त्यांनी बायकांना सांगितलं नाही, पण काकूंना कळायचं ते कळलं. त्यानंतर कितीतरी दिवस त्या जेवायला बसल्या की मधूनच उठून जात.

गावातल्या बचत गटाने मग मनावर घेतलं. अंगणवाडीच्या बाई पुढारी, आणि त्यांच्या पाठीशी काकू आणि आई. दर रविवारी एक ट्रॉली घरोघरी फिरायची. कागद, प्लास्टिक, लोखंड, जुनी भांडी, जे असेल ते द्या. सगळं मारुतीच्या देवळाच्या मंडपात उतरवायचं, बायकांनी निवडायचं आणि महिनाअखेरीस ढाणकीचा भंगारवाला टेम्पो घेऊन येणार. पारावर बसलेल्यांनी पहिल्यांदा टिंगल केली. "आता बाया डबे इकून मसन बांधतीन," असं म्हणून झालं. पण ट्रॉली दारात आली की तेच उठून आत जात आणि काहीबाही घेऊन येत, कारण काकांच्या वेळी ताडपत्रीचं एकेक टोक त्यांच्याच हातात होतं.

ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी आली, फवारणीचे पिचलेले पंप आले, टीव्हीची खोकी, सायकलींचे सांगाडे, पोरांची जुनी पुस्तकं, आणि पोतंभर लग्नपत्रिका. पत्रिकांवर गणपती असतो म्हणून बायकांनी प्रत्येक पत्रिकेतला गणपती कातरीने कापून बाजूला ठेवला आणि मगच बाकीचा कागद रद्दीत टाकला. त्यात अख्खी दुपार गेली. आमच्याकडे रद्दीलाही सोवळं पाळतात, असं मी फोनवर म्हटलं तर आईला राग आला.

खरी अडचण भांड्यांची होती. आपल्याकडे भांडं कुणी नुसतं देत नाही, नाव घालून देतं. आंदणाच्या ताटावर नाव, बारशाच्या वाटीवर नाव, मेलेल्या माणसाच्या आठवणीत वाटलेल्या पेल्यावर नाव. भांडी जमू लागली तशी काकूंनी एक दिवस कुणाचा तरी तांब्या हातात घेतला आणि तो ढिगात टाकायला नकार दिला.

"जित्या मानसाचं नाव मसनाच्या कामाले द्याचं नसते," त्या म्हणाल्या. "त्याचं आयुष्य कमी होते."

"आन मेलेल्याचं?" कुणीतरी विचारलं.

"मेलेल्याच्या नावावर भंगारवाल्याचा हातोडा पडला तं त्याले लागत असन का नाही? माह्या मानसाले एकडाव जाळलं, मग परत जाळलं. आता त्याच्या नावाचा पेला चेपाले देऊ का मी?"

म्हणून मग ठरलं की आधी नाव घासून काढायचं आणि मगच भांडं ढिगात टाकायचं. जिने तिने घरून कानस आणली. विळे, कुऱ्हाडी पाजळायला प्रत्येकाच्या घरी एक असतेच. पुरुषांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी ट्रॉलीत माल टाकला की त्यांचं काम संपलं. मंडपात बसून बायका काय घासतात, याकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही.

आता ताईचं सांगायला हवं. ते टाळून पुढे जाता येणार नाही.

माझी बहीण माझ्याहून मोठी. तिच्या आंदणाची भांडी घ्यायला आम्ही सगळे महागावला गेलो होतो. आईने एकेक ताट हातात घेऊन, उलटं करून, बोटाने वाजवून निवडलं. दुकानदार कंटाळला, बाबा बाहेर जाऊन चहा पिऊन आले, आईचं चालूच. निवडून झाल्यावर नावं घालायची वेळ आली. काय घालायचं ते बाबांनी दुकानदाराला सांगितलं आणि त्याने मशीन सुरू केलं. ते मशीन दाताच्या डॉक्टरकडच्यासारखं कर्रकर्र वाजतं. ताईने कानात बोटं घातली होती आणि ती हसत होती. ताटाच्या काठावर तिचं नाव उमटत गेलं तशी आई वाकून पाहत होती. आईला वाचता येत नाही. तिने मला विचारलं, "बरोबर लिवलं ना?" मी घाईघाईत हो म्हटलं.

काही वर्षांनी ताई सासरच्या शेतातल्या विहिरीत गेली. पाणी काढताना पाय घसरला, असं त्यांनी सांगितलं. त्या विहिरीवर मोटार होती, पाणी काढायला तिथं कुणी वाकत नसे. आईने हे तिथंच, सगळ्यांसमोर म्हटलं.

तेरवी झाल्यावर त्यांच्या ओसरीवर दोन्हीकडची वडीलधारी माणसं बसली. लग्नात दिलेलं सगळं सामान परत देतो, विषय इथंच मिटवू, असं त्यांच्याकडून आलं. भांडी आधीच पोत्यात भरून दाराशी ठेवलेली होती, म्हणजे उत्तर काय येणार ते त्यांना माहीत होतं. बाबा म्हणाले, "आमचं काही म्हननं नाही." आई दारात उभी होती. तिचं म्हणणं होतं, पण बैठकीत तिला कोणी विचारलं नाही. परत येताना गाडीत ते पोतं प्रत्येक खड्ड्याला वाजत होतं आणि आम्ही तिघं ते ऐकत बसलो होतो.

तेव्हापासून बाबा कमी बोलायला लागले आणि आई मुळीच ओरडेनाशी झाली. ओरडली असती तर बरं झालं असतं. मला दोघांचाही राग येई. बाबांचा ते बोलले म्हणून आणि आईचा ती बैठकीत बोलली नाही म्हणून. स्वतःचा राग यायला मला वेळ लागला.

ते पोतं बैलांच्या कोठ्यातल्या माळ्यावर गेलं. नवऱ्याने दुसरं लग्न केलं. पितृपक्षातल्या नवमीला सवाष्ण गेलेल्या बाईचं करतात, पण ते करायचं सासरच्यांनी. तिथं आता दुसरी नांदत होती, पहिलीचं कोण करणार? आणि लेकीचं पित्र माहेरी घालत नाहीत. मग आईने स्वतःच एक रीत काढली. नवमीला ती माळ्यावरून पोतं उतरवी, त्यातलं एक ताट काढून चिंचेने घासी, त्यात वरण, भात, कढी, वडे, खीर सगळं वाढी आणि ते ताट बाबांच्या ताटासमोर मांडी. त्या ताटामागचा पाट रिकामा. बाबांनी जेवायचं, आईने समोर बसून राहायचं, मग ते ताट गाईला घालायचं. बाबा त्या दिवशी मुद्दाम लवकर शेतात जायला लागले. पण आई ते परत येईपर्यंत वाढतच नसे, दिवस मावळला तरी चालेल. एका वर्षी मी म्हटलं, "आई, काहून करतं असं?" ती म्हणाली, "तिले भूक लागत नसन का?"

शेडचं भंगार गोळा होत होतं त्या वर्षी गणपती उठले आणि पितृपक्ष तोंडावर आला. बाबांनी एका रविवारी, आई देवळात गेलेली पाहून, माळ्यावरून ते पोतं उतरवलं, भांडी युरियाच्या वेगळ्या गोणीत ओतली आणि ट्रॉली दारात आल्यावर तीत ठेवून दिली. हे मला त्याच संध्याकाळी कळलं, पण इथं आधीच सांगते, कारण पुढचं ऐकताना ते माहीत असायला हवं. बाबांना वाटलं असणार की भांडी सरळ टेम्पोत जातील, चेपली जातील आणि नवमीचा तो रिकामा पाट एकदाचा संपेल. कामही पुण्याचं, स्मशानाचं. त्या भांड्यांचा आवाज त्यांनी गाडीत ऐकलेला होता, तो त्यांच्याही कानातून गेला नव्हता. बायका नावं घासतात हे त्यांना माहीत असतं तर त्यांनी काय केलं असतं, मला सांगता येत नाही.

मी त्याच रविवारी दुपारच्या एसटीने गावी गेले. घरी बॅग टाकली. बाबा ओसरीवर पेपर वाचत होते. मला पाहून त्यांनी पेपर आणखी वर धरला. आई देवळात आहे कळलं म्हणून मी तशीच देवळात गेले.

मंडपात बायका गोल करून बसल्या होत्या. सगळीकडे कानशींचा खरखर आवाज, दात आंबून यावेत असा. मधे भांड्यांचा एक ढीग होता, नावांचा. आणि पलीकडे दुसरा, नावं काढलेल्यांचा. आई काकूंच्या शेजारी मांडी घालून बसली होती, हातातल्या ताटाचा काठ गुडघ्याला दाबून घासत. तिच्या लुगड्यावर पोलादाची बारीक चमक पडली होती.

त्यांची एक रीत पडून गेली होती. नाव घासायच्या आधी कुणीतरी ते वाचून दाखवायचं आणि बायकांनी त्या माणसाबद्दल काहीतरी बोलायचं. एवढं झालं की मग कानस. नाव मुक्यानं जायला नको, असं काकूंचं म्हणणं. वाचायचं काम अंगणवाडीच्या बाईंचं, पण त्या दिवशी त्या ट्रॉलीबरोबर पुढच्या वस्तीत गेल्या होत्या आणि शिकलेल्या सुना घरी कामात होत्या. म्हणून दुपारपासून बायका न वाचताच घासत होत्या.

"बरं झालं आली," काकू म्हणाल्या. "बस अथी अन् वाच. मुकी नावं गेली बाप्पा आज लय."

मी बसले. एक तांब्या उचलला, वाचला. कुणाच्या तरी मामाकडून होता. "थो मामा? त्यानं तांब्या देल्ला अन् जाताना दोन घेऊन गेला," एक बाई म्हणाली आणि सगळ्या हसल्या. एक वाटी बारशाची होती. ज्याचं बारसं तो आता नागपूरला ट्रक चालवतो. एका पेल्यावर कैलासवासी काकाच होते. काकूंनी तो माझ्या हातातून घेतला, नावावर अंगठा ठेवला आणि म्हणाल्या, "बोलत नव्हते जास्त. पन चहा कसा झाला ते रोज सांगत." मग त्यांनी स्वतःच्या हाताने घासायला घेतलं. मलाही तिथं बरं वाटू लागलं होतं. मेलेल्यांची, जित्यांची नावं मी एका सुरात वाचत होते आणि बायका एकेकाला निरोप देत होत्या.

आईने आपलं ताट पुढे केलं. "हे वाच बरं. म्या सुरुवात करून टाकली, पन हाये उरलं."

ताटाचा डावा काठ पांढरा झाला होता, ओरखड्यांनी भरलेला. नाव सगळं गेलं होतं. त्याच्या पुढचं शिल्लक होतं. मी त्याच सुरात वाचलं, "हिस बाबांकडून सप्रेम भेट," आणि खालचं गावाचं नाव वाचलं, ते आमच्याच गावाचं होतं, आणि त्याच्या पुढची लग्नाची तारीख वाचली. ती तोंडातून बाहेर पडल्यावर मला कळलं की मी काय वाचलं.

"कोनाच्या बाबाकडून?" एका बाईने विचारलं.

आईने कानस पुन्हा काठाला लावली होती.

"आई, थांब," मी म्हटलं.

"काहून?"

"ताईचं हाये हे."

कानशीचे आवाज एकेक करून थांबले. आईने ताट उचलून डोळ्यांजवळ नेलं, जणू जवळून पाहिलं तर तिला वाचता येणार होतं. तिने जिथं नाव होतं त्या ओरखड्यांवरून बोट फिरवलं, मग उरलेल्या अक्षरांवरून फिरवलं. तिला आपली ताटं ओळखू आली नाहीत कशी, असं मी नंतर स्वतःला पुष्कळदा विचारलं. पण आमच्या भागात प्रत्येक लग्नात त्याच बाजारातली तीच ताटं दिली जातात. तिला ती त्या पोत्यावरून ओळखू येत होती आणि पोतं बदललेलं होतं.

"आजून होते," आई म्हणाली. "याच्यासारखे होते. म्या घासले."

मी उठून पलीकडच्या ढिगात हात घातला. ताट काढलं, काठ पाहिला, बाजूला ठेवलं. दुसरं काढलं. प्रत्येकाच्या काठावर तोच पांढरा पट्टा होता, कुठं लांब, कुठं आखूड. कुणाचं कुठलं ते सांगायला काही उरलं नव्हतं. मी उपसत राहिले. हाताला कुठंतरी कापलं, तरी उपसत राहिले. मला त्या क्षणी त्या बायकांचा, काकूंचा, त्यांच्या त्या भल्या रीतीचा भयंकर राग आला होता आणि तो कुणावर काढावा ते समजत नव्हतं.

"राहू दे," आई म्हणाली. "आता सारे सारखेच हायेत."

"कोनं आनून टाकले थे?" काकूंनी विचारलं. खरं म्हणजे विचारायची गरज नव्हती. त्या पोत्याला आईखेरीज हात लावू शकणारं माणूस आमच्या घरात एकच होतं.

मग त्या आईला म्हणाल्या, "घेऊन जाय थे घरी. तेवढं नको टाकू अथी." आईने ताट पदराखाली घेतलं, आपली कानस उचलली आणि आम्ही निघालो. मागे पुन्हा खरखर सुरू झाली, पण मघासारखी बोलणी ऐकू आली नाहीत.

घरी आल्यावर आई ओसरीवरून बाबांच्या समोरूनच आत गेली. बाबांनी पदराखालच्या ताटाकडे पाहिलं आणि पेपरची घडी घातली. मी त्यांच्याजवळ उभी राहिले.

"तुमीच ना?" मी विचारलं.

"मसनाच्या कामाले देल्ले," ते म्हणाले. "वाया थोडेच गेले."

"आईनं घासून काढलं तिचं नाव. आपल्या हातानं. तिले मालूम नव्हतं."

बाबांना ते समजायला वेळ लागला. नावं घासतात हेच त्यांना माहीत नव्हतं, ते मला सांगावं लागलं. मी सगळं सांगितलं, एकही गोष्ट सौम्य केली नाही. ते ऐकताना त्यांचा चेहरा मी मुद्दाम पाहत राहिले. मला वाटलं होतं बरं वाटेल, पण तसं काही झालं नाही.

आत आई चुलीजवळ बसली होती. तिने राखेने ताट घासलं, धुतलं, पुसलं आणि माझ्या हातात दिलं.

"का उरलं हाये याच्यावर? परत वाच."

"हिस बाबांकडून सप्रेम भेट."

"अन् माहं?"

मी ताट फिरवून पाहिलं. सगळा काठ पाहिला, मागची बाजूही पाहिली. दुकानात घाईघाईने हो म्हणाले होते ते मला आठवलं. तेव्हाही मी तिचं नाव शोधलं नव्हतं, आणि ते तिथं नाही हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

"तुह्यं नाही, आई. फक्त बाबाचंच हाये."

"वाजवून घेतले होते म्या," ती म्हणाली. एवढंच म्हणाली आणि पीठ मळायला घेतलं.

दिवेलागणीला तिने पान वाढलं. एकच वाढलं, बाबांचं, आणि त्या ताटात. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, वरण, ठेचा. ताट तिने असं ठेवलं की अक्षरांचा काठ बरोबर त्यांच्यासमोर यावा. कुठल्या बाजूला अक्षरं आहेत ते बोटाने चाचपून तिने पक्कं केलं होतं. बाबा पाटावर बसले. त्यांना वाचता येतं, रोज पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचतात. त्यांनी काठाकडे पाहिलं आणि मग भाकर उचलून अक्षरांवर आडवी ठेवली.

आई पुढे झाली. तिने ती भाकर उचलली, ताटात दुसरीकडे ठेवली आणि आपल्या जागी जाऊन बसली.

बाबा जेवले. सगळं जेवले, ठेचाही टाकला नाही. मी दारात उभी राहून दोघांकडे पाहत होते आणि दोघांपैकी कुणाचीही बाजू मला घेता येत नव्हती. मग बाबांनी हात धुतले आणि ते ओसरीवर गेले.

त्या वर्षी नवमीला आईने वेगळं ताट वाढलं नाही. पाटही मांडला नाही. तिला आता त्याची गरज उरली नव्हती, कारण बाबा रोज त्याच ताटात जेवत होते. दुसरं ताट त्यांना मिळतच नसे. पाहुणे आले, सणवार आला, तरी त्यांच्यासमोर तेच येई, आणि अक्षरं त्यांच्याच बाजूला.

शेड झाली. भंगारात सगळी झाली नाही, लोकांनी वर्गणी घातली, पण सुरुवात भंगारातून झाली. चार खांब, वर पत्रा, खाली काँक्रीटचा ओटा. काकू एकदा जाऊन पाहून आल्या, खांबाला हात लावला आणि म्हणाल्या, "आता पावसात कोनाले परत जाळा लागनार नाही." बाबा त्या दिवशी गेले नाहीत, शेतात काम आहे म्हणाले. खांबात आणि पत्र्यात कुणाकुणाची ताटं वितळली असतील, असं मला तिथं उभं राहून वाटलं. खरं तर आमचं भंगार कुठं जातं, ते मला माहीत नाही. ढाणकीचा भंगारवाला यवतमाळजवळच्या लोहाऱ्यातल्या कारखान्यांकडे बोट दाखवतो. मी लोहाऱ्याच्या रस्त्यावर राहते, आणि सकाळी तिथून भंगाराचे ट्रक जाताना दिसले की मी खिडकी लावून घेते.

दिवाळीला गेले तेव्हा जेवणं झाल्यावर बाबा आपलं ताट घेऊन न्हाणीकडे निघालेले दिसले. या माणसाने उभ्या जन्मात स्वतःचं ताट उचललं नव्हतं. ते उकिडवे बसले आणि राखेने ते घासू लागले. मधला भाग पटकन, काठ मात्र बराच वेळ, जोर लावून. मी जवळ गेले. त्यांनी मान वर केली नाही.

"हे निंगत नाही का वो राखेनं?" त्यांनी हळूच विचारलं.

"राखेनं कसं निंगन, बाबा. कानस लागते."

त्यांनी ताटावर पाणी ओतलं. ओल्या काठावर अक्षरं आणखी स्पष्ट दिसत होती.

"घरात हाये ना आपल्या?"

"हाये. आईपाशी हाये. तिले मागा."

आई आत चुलीजवळच होती, हे सगळं तिला ऐकू जात होतं. बाबांनी ताट पुसलं, मांडणीवर नेऊन ठेवलं आणि ओसरीवर जाऊन बसले. त्यांनी कानस मागितली नाही. अजूनही मागितलेली नाही.